वऱ्हाडातील ब्रिटिश अधिकारी : ओळख, परकेपण आणि आपलेपणा – एक चिकित्सक अभ्यास

सारांश

ब्रिटिश राजवटीत भारतात आलेले अधिकारी, सैनिक व त्यांची कुटुंबे आपल्या येथील वास्तव्याचे वर्णन वारंवार 'हद्दपारी' या शब्दाने करीत असत. ज्या देशावर सत्ता गाजवावयाची त्याच देशातील राहण्याला हद्दपारी म्हणावयाचे, ही बाब वरवर पाहता विसंगत वाटते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार प्रामुख्याने वऱ्हाड प्रांताच्या संदर्भात केला आहे. फिलिप मेडोज टेलर व आल्फ्रेड लायल हे वऱ्हाडाशी संबंधित दोन अधिकारी, मराठी भाषेशी आयुष्य जोडून घेणारे मेजर थॉमस कँडी, आणि सत्तेची बाजू सोडून भारतीयांच्या बाजूला आलेल्या मीराबहेन व व्हेरियर एल्विन यांच्या उदाहरणांच्या आधारे आपलेपणाचे निकष कोणते असू शकतात, याची चर्चा येथे केली आहे.

बीजशब्द : वऱ्हाड, हैदराबाद संस्थान, वसाहतवाद, हद्दपारी, ओळख, आपलेपणा, अँग्लो-इंडियन.

१. प्रस्तावना

मनुष्याची ओळख ही केवळ त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. भाषा, कुटुंब, व्यवसाय, धर्म, सामाजिक दर्जा आणि इतरांनी त्याला दिलेले स्थान या सर्वांच्या परस्परसंबंधातून ती घडत असते. स्थलांतरित माणसाच्या बाबतीत ही प्रक्रिया अधिक गुंतागुंतीची होते, कारण त्याच्या मनात एकाच वेळी दोन भूमी वास करीत असतात. मात्र स्थलांतर करणारा माणूस जेव्हा पोटासाठी नव्हे तर सत्ताधारी म्हणून परक्या भूमीत येतो, तेव्हा त्याच्या परकेपणाचे स्वरूप वेगळे असते. तो एकटा असू शकतो, आजारी असू शकतो, मायदेशाच्या आठवणीने व्याकूळही होऊ शकतो. परंतु तो दुर्बल नसतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मानसिकतेचा अभ्यास करताना ही मूलभूत बाब दृष्टिआड करून चालत नाही.

भारतातील ब्रिटिशांची संख्या नेहमीच अल्प होती. १९०१ च्या जनगणनेनुसार सुमारे २९.४ कोटी लोकसंख्येत युरोपीय व तत्सम वंशीयांची संख्या सुमारे १.७ लाख एवढीच होती. त्यातही मोठा भाग लष्करातील सैनिकांचा होता. वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या खेड्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला गोऱ्या साहेबाचे दर्शन झालेच तर ते हिवाळी दौऱ्याच्या निमित्ताने, गावाबाहेरील आमराईत तंबू पडल्यावर होत असे. त्याच्या दृष्टीने रोजचे सरकार म्हणजे पाटील, पटवारी आणि कोतवाल. त्यामुळे साहेबाचे एकाकीपण आणि रयतेचे साहेबाविषयीचे अज्ञान या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू होत्या, असे म्हणता येईल.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) ब्रिटिशांच्या लेखनातील 'हद्दपारी' या कल्पनेचा अर्थ व तिची कारणे स्पष्ट करणे.
२) वऱ्हाड प्रांताच्या विशिष्ट राजकीय स्थितीचा या प्रश्नाशी असलेला संबंध तपासणे.
३) निवडक व्यक्तींच्या चरित्रांतून आपलेपणाच्या विविध पातळ्यांचा शोध घेणे.
४) स्थानिक इतिहासलेखनाच्या दृष्टीने या चर्चेचे महत्त्व विशद करणे.

३. 'विलायत' आणि 'होम' : शब्दांतून दिसणारे नाते

मराठीत इंग्लंडला 'विलायत' म्हटले जाई. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसी व हिंदुस्थानीतून आपल्याकडे रुळला. 'विलायती' या विशेषणाचा 'बिलायती' असा उच्चार ऐकून ब्रिटिश सैनिकांनी 'ब्लायटी' हा शब्द बनविला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मायदेशासाठी वापरला जाणारा अत्यंत जिव्हाळ्याचा शब्द ठरला. म्हणजे ज्या देशाला ते परके मानत होते, त्याच देशातील लोकभाषेने त्यांच्या मायदेशाला नाव दिले. ओळख एकाकी राहून घडत नाही, ती परस्परसंपर्कातून घडते, याचे हे लहानसे परंतु बोलके उदाहरण आहे.

भारतात जन्मलेली आणि इंग्लंड कधीही न पाहिलेली ब्रिटिश मुलेसुद्धा इंग्लंडचा उल्लेख 'होम' असाच करीत. मराठी वाचकास हे समजून घेण्यासाठी 'माहेर' या शब्दाचा आधार घेता येईल. माहेर हे मनाचे विश्रांतिस्थान असते. परंतु नांदावयाचे असते ते सासरी, आणि वर्षानुवर्षे नांदल्यानंतर माहेरीही बाई पाहुणीच ठरते. तीस वर्षे भारतात काढून परतलेल्या अनेक अधिकाऱ्यांची अवस्था अशीच होती. येथे नोकरचाकर, मानमरातब व अधिकार उपभोगलेल्या माणसाला इंग्लंडमधील लहान शहरात निवृत्तिवेतनावर सामान्य नागरिकाप्रमाणे जगावे लागे. त्याचा हुद्दा तेथे कोणास ठाऊक नसे. अर्थात ही तुलना एका मर्यादेपर्यंतच लागू पडते, कारण सासरी गेलेल्या स्त्रीच्या हाती सत्ता नसते आणि साहेबाच्या हाती ती पूर्णपणे होती.

४. हद्दपारीच्या भावनेची कारणे

ही भावना केवळ साहित्यिक अलंकार नव्हती. तिच्यामागे काही भौतिक कारणे होती.

पहिले कारण अंतराचे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजांना अनेक महिने लागत. पत्राचे उत्तर येईपर्यंत वर्ष उलटून जाई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर प्रवास काही आठवड्यांवर आला. अंतर कमी झाल्याने हद्दपारीची भावना ओसरेल अशी अपेक्षा असताना प्रत्यक्षात उलट घडले. जाणे-येणे सुकर झाल्यामुळे येथे रुजण्याची गरज कमी झाली व मायदेशाशी असलेले नाते अधिक घट्ट झाले.

दुसरे कारण मृत्यूचे. मुंबईत आलेल्या युरोपीयाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण सतराव्या शतकापासून प्रचलित होती. पटकी, हिवताप व आमांश यांनी तरुण अधिकारी, त्यांच्या पत्नी व विशेषतः लहान मुले बळी पडत. ठिकठिकाणच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतील थडग्यांवरील अल्प वये याची साक्ष देतात. वऱ्हाडात चिखलदऱ्यासारखे थंड हवेचे ठिकाण विकसित होण्यामागे हीच भीती होती. हैदराबादच्या निजामाच्या लष्करातील कॅप्टन रॉबिन्सन यांनी १८२३ मध्ये ही जागा हेरली, असे सांगितले जाते. तेथे पुढे बंगले उभे राहिले, कॉफीची लागवडही झाली. सुमारे ३,६०० फूट उंचीवरील हे धुके साहेबांना विलायतेची आठवण करून देत असावे. परंतु त्याच मेळघाटात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कोरकूंचे ते घर होते.

तिसरे आणि सर्वांत वेदनादायक कारण म्हणजे कुटुंबाची ताटातूट. मुले पाच-सात वर्षांची झाली की त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्याची प्रथा होती. हवामान हे एक कारण दिले जाई. मुलांनी आयांची भाषा, उच्चार व सवयी उचलू नयेत ही दुसरी आणि कदाचित अधिक महत्त्वाची चिंता होती. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवीत. घरातील नोकरांशी लहानगा रुडयार्ड त्यांच्याच भाषेत बोले व आईवडिलांसमोर जाताना इंग्रजीत बोलण्याची आठवण त्याला करून द्यावी लागे. १८७१ मध्ये त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडमधील साउथसी येथे एका परक्या कुटुंबात ठेवण्यात आले. तेथील अत्यंत दुःखद दिवसांची छाया त्यांच्या लेखनावर कायम राहिली. या मुलाच्या दृष्टीने हद्दपारी झाली ती मुंबईतून इंग्लंडला. पालक ज्याला 'होम' म्हणत होते तेच त्याचे परदेश होते. तथापि हाच मुलगा पुढे साम्राज्याचा सर्वांत मोठा गायक ठरला. बालपणीच्या आपलेपणाने मनुष्याची राजकीय भूमिका ठरतेच असे नाही, हेही यातून दिसते.

५. वऱ्हाड : प्रांताचीच अनिश्चित ओळख

वऱ्हाडातील अधिकाऱ्यांच्या प्रश्नाला आणखी एक पदर होता. १८०३ च्या डिसेंबरमध्ये आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याने गाविलगड जिंकल्यानंतर झालेल्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडे आला. पुढे निजामाच्या नावाने उभारलेल्या, परंतु ब्रिटिशांच्या नियंत्रणातील लष्कराचा खर्च थकल्यामुळे १८५३ च्या तहाने हा प्रांत कंपनीच्या ताब्यात देण्यात आला. १८६० मध्ये या तहात सुधारणा झाली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपये खंडाच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेतला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडण्यात आला. तरीही सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली ती याच कारणाने.

याचा अर्थ असा की, सुमारे शतकभर वऱ्हाडची रयत एका राजाची प्रजा होती व तिचा कारभार दुसराच पाहत होता. येथील साहेब ब्रिटिश मुलखाबाहेरील मुलखावर राज्य करीत होता. वाशीमचा इतिहासही असाच फेरबदलांचा आहे. ब्रिटिश अमलात 'बासीम' या नावाने स्वतंत्र जिल्हा असलेला हा भाग १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमा व नावे वरून ठरत गेली. तथापि गावकऱ्याचे आपलेपण कापसाच्या काळ्या जमिनीशी, ग्रामदैवताशी व सोयऱ्याधायऱ्यांशी निगडित राहिले. सत्तेने दिलेली ओळख आणि जगण्यातून आलेली ओळख यांतील हा फरक पुढील विवेचनात उपयुक्त ठरतो.

६. मेडोज टेलर : जिव्हाळा आणि त्याची मर्यादा

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये ते एका व्यापारी पेढीत काम करण्यासाठी मुंबईस आले. पेढीची स्थिती डबघाईची असल्याचे दिसताच त्यांना निजामाच्या लष्करात जागा मिळवून देण्यात आली. ते कंपनीच्या करारबद्ध सनदी सेवेत कधीच नव्हते. त्यामुळे ब्रिटिशांच्या उतरंडीत त्यांचा दर्जा दुय्यम राहिला. त्यांनी भारतीय भाषा, कायदा, सर्वेक्षण, स्थापत्य, भूशास्त्र अशा अनेक विषयांत बहुतांशी स्वप्रयत्नाने प्रावीण्य मिळविले.

त्यांचा विवाह हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी झाला. हे विल्यम पामर पुण्याच्या पेशवे दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट जनरल विल्यम पामर व त्यांच्या मुस्लिम पत्नी फैज बख्श यांचे पुत्र होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात असे संबंध अपवादात्मक नव्हते. परंतु १७९१ पासून कंपनीने मिश्र वंशाच्या पुत्रांना सनदी व लष्करी अधिकारपदांपासून दूर ठेवण्यास आरंभ केला. एकोणिसाव्या शतकात वंशभेदाची भिंत उंचावत गेली. टेलर यांचे कौटुंबिक जीवन या दोन काळांच्या सांध्यावर उभे होते.

१८३९ मध्ये ठगांच्या जीवनावरील कादंबरीने त्यांना इंग्लंडमध्ये कीर्ती मिळाली. १८६३ मधील 'तारा' या कादंबरीत त्यांनी शिवकालीन पार्श्वभूमी व तुळजापूरचा परिसर रंगविला. हा परिसर त्यांना नळदुर्ग जिल्ह्याच्या कारभारामुळे परिचित होता. १८५७ च्या उठावाच्या काळात त्यांना वऱ्हाडात बुलढाणा येथे पाठविण्यात आले. हाताशी युरोपीय फौज नसताना त्यांनी हा भाग शांत राखला. यामागे त्यांचा लोकसंपर्क होता, असे त्यांचे प्रशंसक मानतात. सुरपूर परिसरात लोक त्यांना 'महादेवबाबा' म्हणत, असेही सांगितले जाते.

मात्र टेलर यांच्या आपलेपणाची खरी कसोटी लागली ती सुरपूर येथेच. आज कर्नाटकात असलेल्या या लहानशा संस्थानाचा कारभार त्यांनी १८५३ पर्यंत सुमारे दशकभर पाहिला. तेथील अल्पवयीन राजा व्यंकटप्पा नायक त्यांच्या देखरेखीखाली वाढला व तो त्यांना 'अप्पा' म्हणजे वडील म्हणून संबोधी. १८५८ मध्ये याच राजाने ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलले व तो पकडला गेला. त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ती प्रथम जन्मठेप काळ्या पाण्यावर आणि पुढे चार वर्षांच्या कैदेवर आणण्यात आली. कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेतच गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. टेलर तुरुंगात त्याला भेटले होते आणि या घटनेचे त्यांना अतीव दुःख झाले, हे त्यांच्या आत्मचरित्रावरून कळते.

या दुःखाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मुलाने बापाविरुद्ध नव्हे, तर बाप ज्या सत्तेचा सेवक होता त्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा बाप कोणत्या बाजूस उभा राहिला? टेलर यांनी सहानुभूती बाळगली, शिक्षा सौम्य व्हावी अशी इच्छा बाळगली. तथापि त्यांची बाजू बदलली नाही. राजाचे संस्थान गेले व त्याचा कारभार पुन्हा टेलर यांच्याकडेच आला. १८६० मध्ये टेलर इंग्लंडला परतले. वृद्धापकाळी दृष्टी क्षीण झाली असताना १८७५ मध्ये ते पुन्हा एकदा हैदराबादेस येऊन गेले आणि परतीच्या वाटेवर १८७६ मध्ये फ्रान्समधील मेन्तों येथे त्यांचे निधन झाले. दोन्ही देशांच्या मधल्या वाटेवरील हा मृत्यू त्यांच्या जीवनाचे स्वरूप सूचित करतो.

७. आल्फ्रेड लायल : ज्ञान आणि दुरावा

आल्फ्रेड लायल यांचा प्रकार वेगळा होता. १८३५ मध्ये जन्मलेले लायल ईटन व हेलिबरी येथे शिकून सनदी सेवेत आले. १८५७ चा उठाव त्यांनी उत्तर भारतात प्रत्यक्ष पाहिला. १८६७ मध्ये ते पश्चिम वऱ्हाडचे आयुक्त झाले. आजच्या अकोला, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांचा भाग त्यांच्या अखत्यारीत येत असे. १८७० मध्ये त्यांच्या संपादनाखाली वऱ्हाडचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. वऱ्हाडच्या इतिहासाचा अभ्यासक आजही या ग्रंथाला वगळून पुढे जाऊ शकत नाही.

लायल यांच्या धर्मविषयक निबंधांपैकी एका महत्त्वाच्या निबंधाचा आधार वऱ्हाडातील त्यांचे निरीक्षण हाच आहे. गावोगावच्या समाध्या, मुंजे, वीर, सती, पीर व ग्रामदैवते पाहून त्यांनी असे प्रतिपादन केले की, हिंदू धर्म ही पूर्ण झालेली रचना नसून ती सतत वाढत राहणारी प्रक्रिया आहे. सामान्य मृत व्यक्तीचे देवत्वात रूपांतर येथे डोळ्यांदेखत घडते. पोथ्यांऐवजी प्रत्यक्ष लोकव्यवहारावरून धर्म समजून घेण्याचा हा प्रयत्न त्या काळात नवा होता.

असे असूनही लायल यांना ही भूमी आपली वाटली नाही. ते कवी होते व त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकातच भारताला खंतावण्याची भूमी ठरविले आहे. एखाद्या प्रदेशाविषयी सखोल ज्ञान असणे आणि त्या प्रदेशाशी नाते असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. किंबहुना लायल यांच्या निरीक्षणाची तीक्ष्णता काही अंशी त्यांच्या दुराव्यातून आलेली आहे. जो मुंज्याला घाबरत नाही तो मुंज्याविषयी तटस्थपणे लिहू शकतो. मात्र या ज्ञानाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. गॅझेटिअरमधील माहिती पाटील, पटवारी, तहसीलदार, भाट व पुजारी यांनी पुरविलेली असे. ज्यांच्या सांगण्यावर ग्रंथ उभा राहिला त्यांची नावे मुखपृष्ठावर आली नाहीत. आणि ज्ञानाचा उपयोगही प्रथमतः महसूल, न्याय व बंदोबस्त यांसाठीच होता.

८. भाषेतून येणारा आपलेपणा : मेजर कँडी

सत्ता व ज्ञान यांच्या पलीकडे जाणारा एक मार्ग भाषेचा होता. जेम्स टी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये निघाली. या कार्यात त्यांना साहाय्य करणारे थॉमस कँडी १८२२ मध्ये भारतात आले होते. पुण्याच्या पाठशाळेचे पर्यवेक्षण, शालेय पुस्तके तपासणे व सरकारी भाषांतरे करणे या कामांत त्यांचे आयुष्य गेले. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. या विषयावरील त्यांची पुस्तिका १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. १८७७ मध्ये महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

कँडी यांच्या हाताखालून गेलेल्या मराठीवर इंग्रजी वळणाचा दोष पुढील पिढीने ठेवला व भाषांतरी गद्याविरुद्ध 'निबंधमाले'च्या काळात झोड उठली. ही टीका सर्वस्वी अनाठायी नव्हती. परंतु आज मराठीतील कोणतेही वाक्य स्वल्पविराम व पूर्णविरामाशिवाय पूर्ण होत नाही, हेही तितकेच खरे. एखाद्या समाजाच्या भाषेत कायमचा राहून गेलेला माणूस पूर्णतः परका म्हणता येत नाही. तथापि त्याचे स्थानही शिक्षणखात्याने दिलेल्या अधिकारावर उभे होते. मराठी कशी असावी हे मराठी माणसाऐवजी त्याने ठरवावे, ही व्यवस्था समतेची नव्हती.

९. मधले लोक : अँग्लो-इंडियन समाज

हद्दपारी हा शब्द ज्यांना अधिक यथार्थपणे लागू पडला असता, ते मिश्र वंशाचे लोक मात्र या चर्चेत क्वचितच येतात. 'अँग्लो-इंडियन' ही संज्ञा आरंभी भारतात राहणाऱ्या ब्रिटिशांसाठी वापरली जाई. १९११ च्या जनगणनेपासून ती अधिकृतपणे मिश्र वंशीयांना लागू झाली. रेल्वे, तार व जकात या खात्यांनी त्यांना रोजगार दिला. भुसावळ व इगतपुरी येथील रेल्वे वसाहतींत हा समाज वाढला. इंग्लंडला 'होम' म्हणणाऱ्या यांपैकी अनेकांनी ते कधीही पाहिले नव्हते, आणि ब्रिटिशांच्या क्लबमध्येही त्यांना बरोबरीचे स्थान नव्हते.

स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व कॅनडाकडे गेली. काही येथेच राहिली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ मध्ये त्यांची व्याख्या करण्यात आली व लोकसभा आणि विधानसभांत नामनिर्देशनाद्वारे प्रतिनिधित्वाची तरतूद झाली. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून ही तरतूद संपुष्टात आली. साहेब निघून गेला. त्याने मागे ठेवलेल्या समाजाला मात्र आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधावे लागले.

१०. बाजू बदलणारे : मीराबहेन आणि एल्विन

विदर्भाच्या भूमीवरच या प्रश्नाला एक वेगळे उत्तर मिळाले. ब्रिटिश नौदलातील ॲडमिरलच्या कन्या मॅडेलिन स्लेड १९२५ मध्ये गांधीजींकडे आल्या व मीराबहेन झाल्या. वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात त्या गांधीजींच्या आधी राहावयास गेल्या. १९३६ मध्ये गांधीजी तेथे आले व पुढे ते गाव सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४२ मध्ये त्यांना गांधीजींसमवेत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. आपल्याच वंशाच्या सरकारने त्यांना कैद केले, या घटनेत त्यांच्या बदललेल्या ओळखीची साक्ष आहे. तरीही १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला व अखेरची वर्षे ऑस्ट्रियात काढली. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे बाजू बदलल्यानेही आपलेपणाचा प्रश्न कायमचा सुटतोच असे नाही.

व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये पुण्यातील ख्रिस्त सेवा संघात आले. महाराष्ट्रीय सहकारी शामराव हिवाळे यांच्यासमवेत १९३२ मध्ये त्यांनी मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये कार्य आरंभिले. राजकारणापासून अलिप्त राहण्याच्या अटीवरच सरकारने त्यांना भारतात परतू दिले होते. १९५४ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. त्यांच्या आत्मचरित्रास मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मात्र त्यांच्या पहिल्या, गोंड पत्नीशी झालेला विवाह १९४९ मध्ये संपुष्टात आला. एल्विन यांना नवे क्षेत्र व नवा सन्मान लाभला. ती स्त्री मागेच राहिली व तिचे पुढील आयुष्य हलाखीत गेले. आपलेपणाची किंमत दोन्ही पक्षांनी सारखी मोजली का, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतो.

११. हद्दपारी : शब्द आणि वास्तव

ज्या सत्तेचे सेवक स्वतःला हद्दपार म्हणवीत होते, त्या सत्तेने प्रत्यक्षात अनेकांना हद्दपार केले. बहादूरशहा जफर यांना १८५८ मध्ये रंगूनला पाठविण्यात आले. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला व १९१६ मध्ये तेथेच मरण पावला. वासुदेव बळवंत फडके यांना १८८० मध्ये एडनला नेण्यात आले. १८८३ मध्ये त्यांचा तेथे अंत झाला. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. या व्यक्तींना रजा नव्हती, निवृत्तिवेतन नव्हते, परतीचे जहाज निवडण्याचा अधिकार नव्हता.

या पार्श्वभूमीवर साहेबाच्या हद्दपारीचे दुःख खोटे ठरत नाही. परंतु त्याचे मोजमाप बदलते. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळून निघाला. बदली मागण्याचा, रजेवर जाण्याचा अथवा निवृत्तीनंतर निघून जाण्याचा मार्ग अधिकाऱ्यास उपलब्ध होता. कोरडवाहू शेतकऱ्याला तो नव्हता.

१२. निष्कर्ष

१) ब्रिटिशांची हद्दपारीची भावना खरी होती. तथापि ती स्वेच्छेने स्वीकारलेल्या, वेतन व अधिकार देणाऱ्या परकेपणाची भावना होती. सक्तीच्या हद्दपारीशी तिची बरोबरी करता येत नाही.

२) प्रेम, ज्ञान व भाषा हे आपलेपणाकडे नेणारे मार्ग आहेत, परंतु टेलर, लायल व कँडी यांच्या उदाहरणांवरून दिसते की, संबंध समतेचे नसतील तर हे मार्ग अर्ध्यावर थांबतात.

३) संकटकाळी मनुष्य कोणाच्या बाजूने उभा राहतो आणि भूमीचे बरेवाईट परिणाम तेथील लोकांबरोबर भोगतो की नाही, हा आपलेपणाचा अधिक विश्वसनीय निकष ठरतो.

४) प्रांतांच्या सीमा, नावे व मालकी बदलत राहिली तरी लोकांची स्थानिक ओळख स्वतंत्रपणे टिकून राहिली, हे वऱ्हाडच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

५) स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने लायल यांचे गॅझेटिअर वा टेलर यांचे लेखन त्याज्य मानू नये आणि अंतिमही मानू नये. त्या नोंदींमागील अनाम वऱ्हाडी सांगणाऱ्यांचा आवाज शोधणे, गावोगावची कागदपत्रे, बखरी, ओव्या व मौखिक परंपरा त्यांच्या शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे.

आज वऱ्हाडातील असंख्य तरुण शिक्षण व रोजगारासाठी पुणे, मुंबई, सुरत व परदेशाकडे जात आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती सत्ता नाही, परंतु दोन भूमींमध्ये विभागलेले मन मात्र आहे. परक्या गावी राहून तेथील सुखदुःखात सहभागी होणे म्हणजे काय, आणि मागे राहिलेल्या गावाशी नाते टिकविणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी या इतिहासाचा अभ्यास उपयुक्त ठरू शकेल. त्यासाठी प्रत्येक परगण्यातील, प्रत्येक जुन्या गावातील नोंदी व आठवणी गोळा होणे ही पहिली पायरी होय.